पंधरा दिवसांची रजा

नव्या देशात कसं राहायचं ते मला विचारायला लोक येतात. का येतात देव जाणे. मी लॉन्ड्रीत काम करते, वकील नाही की पुढारी नाही. पण एकोणीस वर्षं इकडे काढलीत, म्हणून आपल्याकडचं कुणी नवीन आलं की दुसरं कुणीतरी त्याला माझा नंबर देतं आणि वर सांगतं, "बाई तोंडाने फटकळ आहेत, पण काम होईल." फटकळ तर फटकळ. गोड बोलणाऱ्यांनी तुमचं काय भलं केलं ते आधी सांगा.

तर ऐका. पहिल्या दिवशी दाराच्या पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवा. इथे सरकार माणसाशी बोलत नाही, पत्र पाठवतं, आणि पेटीवर नाव नसेल तर ते पत्र आलं तसं परत जातं. आलेलं पत्र त्याच दिवशी फोडा. समजलं नाही तर मान डोलावून "हो हो" करू नका, समजलं नाही म्हणा. त्याने कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात ठेवू नका, मग ते कपाट सख्ख्या मामाचं का असेना. कोट जुना चालेल, बूट चांगले घ्या. आणि नातेवाइकाच्या घरी तीन महिन्यांच्या वर राहू नका. त्यात मीही आले.

शेवटचं एक मी जरा आवाज चढवूनच सांगते. निघण्याआधी जिथे नोकरी केलीत तिथे साहेबापुढे उभं राहून "जातो" म्हणा आणि सहीशिक्क्याचं पत्र घेऊन निघा. लोक मान डोलावतात. पालथ्या घड्यावर पाणी. कारण सगळे आधीच गुपचूप निघून आलेले असतात, आणि घरून शिकवण एकच: झाकली मूठ सव्वा लाखाची. ही झाकलेली मूठ उघडणं आमच्या सिस्टरला किती महागात पडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सिस्टर म्हणजे माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हाही ती नर्सच होती. सासूपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला सिस्टर म्हणायचे. पुढे पुढे माझा भाऊही म्हणायला लागला, आणि बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा म्हणून आम्ही त्याची पुष्कळ टर उडवली. बुटकी, काटक, चालताना पावलांचा आवाज न करणारी. गप्पा मारताना तुमचा हात हातात घेतला तर समजावं की ही नाडी मोजतेय, सवयच तशी. सोळा वर्षं एका इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात काढली तिने. चाळीस खाटा. म्हाताऱ्या पेशंटची शीर सापडेना की डॉक्टर सुई खाली ठेवून हिला हाक मारायचे.

त्या इस्पितळात एक मेट्रनबाई. सगळ्या नर्सांच्या वरच्या. सिस्टर बाविसाव्या वर्षी तिथे लागली तेव्हा बाईंनी तिला तीनदा रडवलं होतं आणि चौथ्यांदा स्वतःच्या डब्यातलं जेवायला घातलं होतं, असं सिस्टर सांगायची. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, मेलेल्या माणसाच्या बायकोशी कसं बोलायचं, हे सगळं त्या बाईंनी शिकवलेलं. सिस्टरच्या तोंडी दिवसातून दहा वेळा "बाई म्हणतात" असायचं. मला त्याचा राग यायचा, खरं सांगते. इथून फोन केला तरी पलीकडून बाईच.

माझ्या भावाला इकडे गोदामात नोकरी मिळाली ती माझ्या खटपटीने. दोघांचा व्हिसा झाला. इस्पितळाचा नियम असा की नोकरी सोडायची तर दोन महिने आधी लिहून द्यायचं. गोदामवाला दोन महिने थांबणार नव्हता. मग घरात खलबतं सुरू झाली. खलबतं म्हणजे फोनवर मी आणि तिकडे आई. भाऊ मुगाची पिशवी गिळून बसलेला, आणि सिस्टरला विचारतंय कोण.

आईचं म्हणणं, विमान उडेपर्यंत या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. बोललं की नाट लागतं. आमच्या शेजारच्याने गावभर पेढे वाटले होते आणि व्हिसा नाकारला गेला. मग तीन वर्षं लोक त्याला दुकानात थांबवून विचारायचे, "काय, कधी निघताय?" तेव्हापासून आईने कानाला खडा लावला होता. सिस्टर एवढंच म्हणाली, "बाईंना तरी सांगते. त्या कुणाला बोलणार नाहीत." आई म्हणाली, "आज बाईंना सांगशील, उद्या सगळ्या वॉर्डाला कळेल."

आणि मी काय केलं? मी शहाणी. मी इथून सांगितलं, "पंधरा दिवसांची रजा टाक. सासूचं ऑपरेशन आहे म्हण. इकडे पोचलीस की राजीनामा पाठवून दे. विमानात बसल्यावर तुला कोण धरायला येतंय?" माझी आई धडधाकट, जिना चढताना माझ्यापुढे जाणारी, आणि तिला मी एका वाक्यात ऑपरेशन टेबलावर निजवली. आईलाही गंमत वाटली. म्हणाली, "कशाचं सांगू? पित्ताशयाचं सांगूया, त्याला फार दिवस लागत नाहीत."

सिस्टरने अर्ज लिहिला. बाईंनी एक प्रश्न न विचारता सही केली.

दोघं इकडे आली ती माझ्याच घरी राहिली, तीन महिन्यांचा माझा नियम मीच मोडला. राजीनामा मात्र गेलाच नाही. तिने तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. काय कारण लिहू, असं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आता जाऊ दे. तिकडे कोण तुझी वाट बघत बसलंय?" हेही मीच म्हटलं. माझी जीभ म्हणजे उचलली आणि लावली टाळ्याला.

इथे आल्याबरोबर नर्स होता येत नाही. नोंदणी लागते. तोवर तिला वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम मिळालं: खाटा बदलायच्या, लादी पुसायची, ताटं न्यायची-आणायची, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची. औषधाला हात लावायचा नाही. रक्तदाब मोजायचा नाही. कुणाला काय झालंय याबद्दल तोंड उघडायचं नाही, बेल वाजवून नर्सला बोलवायचं. ज्या बाईने सोळा वर्षं डॉक्टरांना शीर शोधून दिली तिने बेल वाजवायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती मात्र घरी येऊन शांतपणे पाय गरम पाण्यात घालून बसायची.

एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला तिथली एक निवृत्त मास्तरीण खुर्चीत बसल्या बसल्या घामाने भिजली आणि काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. हात थरथरत होते. सिस्टरने बेल वाजवली. ड्यूटीवरची नर्स, वय असेल पंचवीस, दारातूनच म्हणाली, "ती रोजच कटकट करते," आणि निघून गेली. सिस्टरने दुसऱ्यांदा बेल वाजवली. कुणी आलं नाही. मास्तरणीची साखर उतरली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. सिस्टरने तिला धरून बसवलं, गिळता येतंय ना ते बघितलं आणि ट्रेमधल्या फळांच्या रसात साखर विरघळवून घोट घोट पाजली. दहा मिनिटांत मास्तरीण ताळ्यावर आली आणि रस फार गोड आहे अशी तक्रार केली.

बक्षीस काय मिळालं? लेखी ताकीद. मदतनिसाने स्वतःच्या निर्णयाने रुग्णाच्या तोंडात काही घातलं. ठसका लागला असता तर? पुन्हा असं झालं तर कामावरून कमी. बेल ऐकून न आलेल्या नर्सला कुणी एका शब्दाने बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या रात्री जेवताना मी ताटावरच भांडले. "तुझ्या नोंदणीचं काय झालं? सात महिने झाले अर्ज करून. कुठे अडलंय?" ती म्हणाली, "येईल, वन्सं." मी म्हटलं, "येईल म्हणजे? पाऊस आहे का तो?" भाऊ म्हणाला, "ताई, जेवू दे तिला." मी त्यालाही सुनावलं. घरात दोन माणसं मूग गिळणारी असली की तिसऱ्याला दुप्पट बोलावं लागतं.

आता माझ्या कामाचं थोडं सांगते, कारण गोष्ट तिथूनच फुटली. आमच्या लॉन्ड्रीत इस्पितळांचे, हॉटेलांचे, वृद्धाश्रमांचे कपडे येतात. माझी जागा मळक्या कपड्यांच्या टेबलापाशी. ड्रममध्ये टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा, प्रत्येक चादर झटकायची. कवळी निघते, चष्मा निघतो, एकदा जिवंत कासव निघालं होतं. एक पेन राहिलं तर दोनशे चादरी निळ्या होतात. एकोणीस वर्षं खिसे उलटे करून करून हाताला अशी सवय लागलीय की घरीसुद्धा मी कुणाचा कपडा खिसा न बघता धूत नाही. सिस्टरला हे माहीत होतं. तरी तिने आपला कामाचा अंगरखा त्या आठवड्यात माझ्या टोपलीत टाकला. विसरली की मुद्दाम टाकला, ते मी आजवर विचारलेलं नाही.

खिशात चौघडी केलेलं पत्र निघालं. घड्या इतक्या वेळा उघडलेल्या की कागद कडांना फाटत आला होता. नोंदणी कार्यालयाचं. मजकूर असा: तुमच्या पूर्वीच्या इस्पितळाला आम्ही फॉर्म पाठवला होता, तो तुमच्या वरिष्ठांनी भरून थेट आमच्याकडे पाठवायचा आहे. दोन स्मरणपत्रांनंतरही उत्तर नाही. पाच आठवड्यांत फॉर्म आला नाही तर फाइल बंद. बंद झालेली फाइल पुन्हा उघडत नाही. मग नर्स व्हायचं तर इथल्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून सुरुवात, तीन वर्षं. वय एकोणचाळीस.

पत्रावरची तारीख बघितली. दोन आठवडे जुनी. म्हणजे हातात तीनच उरले होते.

ती कामावरून आली तेव्हा मी ते पत्र टेबलावर पसरून ठेवलं होतं. चप्पल काढायच्या आधीच तिला दिसलं. मी म्हटलं, "हे काय आहे?" तिने चप्पल काढून जागेवर ठेवली. मी म्हटलं, "दोन आठवडे खिशात घेऊन फिरतेस? अंड्यासारखं उबवतेस काय?"

"बाईंकडे आलाय फॉर्म," ती म्हणाली. "त्या भरणार नाहीत."

"का नाही भरणार? सोळा वर्षं राबलीस तिथे."

"मी पळून आलेय वन्सं. कोणत्या तोंडाने मागू?"

"आहे त्याच तोंडाने माग. दुसरं कुठून आणणार?"

ती म्हणाली, "नकोच ती नोंदणी. लादी पुसेन." आणि आत जाऊन खरोखरच आमच्या न्हाणीघराची लादी पुसायला बसली. मला इतका संताप आला की मी तिच्या हातातली बादली ओढून घेतली. सगळं पाणी माझ्याच पायांवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॉन्ड्रीच्या मागच्या दारात उभं राहून मीच मेट्रनबाईंना फोन लावला. मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. गोड बोलायचं, मग रडकं बोलायचं, नाहीच ऐकलं तर माणुसकी काढायची. मी माझी ओळख सांगितली, सिस्टरची नणंद. मग बाई म्हणाल्या, "तुमच्या आईची तब्येत कशी आहे?"

मी म्हटलं, "बरी आहे."

"पित्ताशय काढलं होतं ना त्यांचं," बाई म्हणाल्या. "मी बघायला गेले होते. रजेच्या चौथ्या दिवशी. थर्मासमध्ये सूप घेऊन, दोन बस बदलून. तुमच्या आई स्टुलावर चढून जळमटं काढत होत्या."

हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. आईने सांगितलंच नव्हतं. सिस्टर त्या वेळी आणखी एक बॅग घ्यायला बाजारात गेली होती. आई स्टुलावरून खाली उतरली आणि म्हणे, "झालं ऑपरेशन, आता बरं आहे," असं बोलून तिने थर्मास ठेवून घेतला. थर्माससुद्धा परत केला नाही. जिच्या पोटातून मी आले त्या बाईची ही तऱ्हा.

बाई सांगत होत्या, आवाज न चढवता. "मला त्या दिवशीच कळलं. घरात बॅगा होत्या. मी वर कळवलं नाही. वाटलं, पोरगी येईल आणि सांगेल. रजा संपली. पुढचे आठ दिवस मी तिची रजा वाढवली आहे असं दाखवलं आणि तिच्या पाळ्या मी केल्या. सत्तावन्न वय माझं, गुडघे सुजले. नवव्या दिवशी गैरहजर लिहिलं. गरज सरो, वैद्य मरो. आता तुम्ही फोन करताय. तुमचं-माझं काय नातं? तिला तोंड नाही का?" आणि त्यांनी फोन ठेवला.

एकोणीस वर्षांत मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. मी तशीच टेबलाशी परत गेले आणि उरलेला दिवस खिसे उलटे करत राहिले. राग तर होताच. पण तो कुणाचा करावा तेच कळेना. आईचा केला, भावाचा केला, बाईंचासुद्धा करून बघितला. एकाचाही नीट बसेना. मग माझाच आला, आणि तो काही जाईना.

घरी आल्यावर सिस्टरला सगळं सांगितलं, थर्माससकट. ती भिंतीला टेकून उभी होती. "आठ दिवस?" एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, "त्यांचा डावा गुडघा आधीच गेलेला होता."

रविवारी दुपारी तिने फोन लावला. स्वयंपाकघरात, उभं राहून. मी खुर्ची पुढे केली, तिने पायाने मागे सारली. बाईंपुढे बसायचं नाही, फोनवरसुद्धा नाही. मी आणि भाऊ दारात. मी तिला बजावलं होतं, "सासूचं नाव सांग. माझं सांग. घरच्यांनी जबरदस्ती केली म्हण. तेवढं एक तरी खरंच आहे." पलीकडून "बोल" असा आवाज आला तो आम्हालाही ऐकू आला.

ती म्हणाली, "बाई, मी खोटं बोलले. कुणाचं ऑपरेशन नव्हतं. मला जायचं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही." पुढे सासू नाही, नणंद नाही, नवरा नाही. पलीकडे बाई बराच वेळ बोलल्या. ही फक्त "हो बाई" म्हणत होती. शेवटी हिने सांगितलं, "सतरा दिवस उरलेत." आणि फोन बंद झाला. मी विचारलं, काय म्हणाल्या? ती म्हणाली, "म्हणाल्या, खरं ते लिहीन." मी म्हटलं, म्हणजे बुडालो. भाऊ पहिल्यांदाच काहीतरी बोलला. म्हणाला, "खरं लिहिलं तर बुडेल असं काय केलंय तिने सोळा वर्षं?" हा माणूस बोलला तर बरा बोलतो, फक्त वर्षातून एकदा बोलतो.

फॉर्म आला. फाइल बंद व्हायला दोन दिवस असताना. कार्यालयाने सिस्टरला बोलावलं. सोबत एक माणूस चालतो, म्हणून मी गेले. छोटी खोली, करड्या फडताळात फायली, टेबलापलीकडे एक पन्नाशीची अधिकारी बाई, चष्मा गळ्यात अडकवलेला. तिने फॉर्म आमच्याकडे फिरवला. मेट्रनबाईंचं अक्षर गोल, ठसठशीत. कामाची माहिती, सचोटी, रुग्णांशी वागणूक, अडीअडचणीच्या वेळी निर्णय, सगळ्या रकान्यांत वरचा शेरा. एकसुद्धा मधला नाही. मी मनातल्या मनात बाईंच्या पाया पडले.

मग अधिकारी बाईने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'या व्यक्तीला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का?' समोर एक शब्द: नाही. कारणाचा रकाना कोरा.

"असा फॉर्म मी पाहिलेला नाही," अधिकारी बाई म्हणाली. "वर सगळं उत्तम आणि खाली नाही. काय झालं होतं?"

मी टेबलाखालून सिस्टरचा पाय दाबला. निघताना बसमध्ये शिकवलं होतं सगळं: वरिष्ठ बाईंना माझा हेवा वाटायचा म्हण, गैरसमज झाला म्हण, वय झालंय त्यांचं म्हण. चार शब्दांचं काम. समोर कुणीही नव्हतं खरंखोटं करायला. सिस्टरने पाय बाजूला घेतला आणि मोडक्यातोडक्या भाषेत, एकेक शब्द जुळवत सांगितलं. रजा घेतली. खोटं कारण दिलं. परत गेले नाही. माझ्या जागेवर त्यांनी काम केलं. अधिकारी बाई लिहीत होती. सिस्टर थांबली की तिचंही पेन थांबायचं.

बाहेर आल्यावर मी तिला जिन्यातच धरलं. लोक जात-येत होते, मला पर्वा नव्हती. "स्वतःच्या हाताने गळा कापून घेतलास. हात दाखवून अवलक्षण. आणि एवढं खरं बोलायची हौस होती तर पुरतं तरी बोलायचं होतंस. ती ऑपरेशनची अक्कल माझी होती. माझं नाव का नाही घेतलंस?"

ती म्हणाली, "वन्सं, अर्जावर सही माझी होती." आणि गुंडी लावत खाली उतरायला लागली, कारण तिला दोनच्या पाळीला पोचायचं होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पेटीतून मीच काढलं आणि या वेळी ती यायची वाटसुद्धा बघितली नाही, फोडलं. नोंदणी मंजूर. पहिले सहा महिने दुसऱ्या नर्सच्या देखरेखीखाली, कारण पूर्वीच्या नोकरीतून पूर्वसूचना न देता निघाल्याचं कबूल केलं आहे. देखरेख करणारी नर्स म्हणजे तीच, बेल न ऐकणारी. मी चिडून पत्र आपटलं. सिस्टर पत्र हातात घेऊन कॉटवर बसली आणि अंगातला जीव गेल्यासारखी तोंड झाकून रडली. भावाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तोही रडायला लागला. दोघंही आवाज न करता, घरात कुणी झोपलंय अशा बेताने.

ती नर्स म्हणून रुजू झाली. मास्तरणीची साखर आता तीच मोजते. सगळं मार्गी लागलं, मग मी गप्प बसावं की नाही? पण ते 'नाही' माझ्या डोक्यातून जाईना. उद्या ही दुसऱ्या इस्पितळात गेली तर तोच कागद पुन्हा निघणार. म्हणून मी एकदा कुणाला न सांगता मेट्रनबाईंना फोन केला. म्हटलं, "बाई, ऑपरेशनचं कारण मी सुचवलं होतं. राजीनामा पाठवू नको असंही मीच म्हटलं. तिचा दोष नाही. तेवढं फॉर्मवरचं बदला."

बाई म्हणाल्या, "तिला तसलं सुचत नाही, हे मला ठाऊक आहे. ज्या दिवशी सूप घेऊन गेले त्याच दिवशी ठाऊक होतं. बदलणार नाही."

मी म्हटलं, "का? एवढा कसला राग?"

"मला ती माझ्या जागेवर यायला हवी होती," बाई म्हणाल्या. "मी निवृत्त होणार होते, वर तिचं नाव देऊन ठेवलं होतं. तरी तिने येऊन नुसतं म्हटलं असतं की बाई, मला जायचंय, तर दोन महिन्यांची अट मी स्वतः माफ करून घेतली असती. माझ्या हातात होतं ते. एका दिवसात सोडली असती तिला, पत्र देऊन, स्टेशनवर पोचवायला गेले असते. तुम्ही तिला तेवढंही करू दिलं नाहीत." आणि वर म्हणाल्या, "तिला हे सांगू नका. तिला उगीच लागेल."

मी फोन ठेवला आणि रागाने रडले. दुसरं कशाने नाही, रागानेच. माझ्या आईचा, माझा, आणि एक साधं वाक्य बोलू दिलं नाही म्हणून वाया गेलेल्या त्या सोळा वर्षांचा राग.

बाईंनी सांगू नका म्हटलंय, पण मला वाटतं सिस्टरला हे कळायला पाहिजे. तिची जागा तिथे ठरलेली होती, तिला कुणी अडवणारं नव्हतं, हे तिला माहीत असायला हवं. आज सांगते, उद्या सांगते असं रोज म्हणते. ती कामावरून येते, पाय गरम पाण्यात घालते, माझा हात हातात घेऊन बोलत बसते, आणि मी दुसरंच काहीतरी बोलते. चार महिने झाले.